चौदा बाय अकराची बारा वर्षं

गेल्या महिन्यात माळा आवरताना एक पोतं निघालं. आत करड्या स्पंजचे पिरॅमिडच्या टोकांचे तुकडे, हात लावला की भुगा होणारे. भंगारवाल्याने पोत्याचं तोंड उघडून पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, ‘हे कोण घेतं, साहेब?’ त्याला काय सांगणार, की २०१३ साली हे मीच पदरचे पैसे मोजून घेतलं होतं, आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली होती!

त्या वर्षी आम्ही पुण्यातल्या या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि चौदा बाय अकराची एक खोली गाण्यासाठी माझ्या वाट्याला आली. वडिलांच्या रेकॉर्डी, जुना टर्नटेबल आणि दोन वर्षं पैसे साठवून घेतलेले स्पीकर, एवढा संसार. खोली रिकामी होती तेव्हा टाळी वाजवली की समोरासमोरच्या भिंतींत ती थरथरत राहायची. स्पंज चिकटवला आणि टाळी जागच्या जागी विझली. खोली साउंडप्रूफ झाली, असं मी घरात जाहीर केलं. आठवड्याभरात शेजारचे काका दारात. आवाज न चढवता म्हणाले, ‘गाणं चांगलं असतं हो तुमचं. पण भिंत आमचीही आहे ना.’

माझी चूक साधी होती. खोलीतला आवाज शोषून घेणं हे एक काम आणि तो पलीकडे जाऊ न देणं हे दुसरं. दुकानात दोन्हींना एकच नाव असतं, म्हणून मीही दोन्ही एकच समजलो. आमच्या दोघांमधली भिंत साडेचार इंची विटेची, दोन्हीकडून प्लास्टर केलेली. तिचं वजन चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात. तिच्यावर मी चिकटवलेला दोन इंची स्पंज जेमतेम दीड किलोचा. आवाज अडतो तो मुख्यतः वजनाने, आणि तिथेही हिशेब कंजूष: भिंतीचं वजन दुप्पट करावं तेव्हा कुठे सहाएक डेसिबल जादा अडतात. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण दहा लागतात. अडीचशे किलोत दीड किलोची भर घालून मी काकांसाठी फक्त भिंतीचा रंग बदलला होता. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावणाऱ्यांची गतही तीच.

शोषणाचं शास्त्र मात्र खरं आहे, आणि ते गाद्यांपासून सुरू होतं. १८९५मध्ये हार्वर्डच्या फॉग आर्ट म्युझियममधल्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कळेना. तोंडून निघालेला शब्द पाचेक सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकावर ते सुधारायचं काम आलं. त्याने सँडर्स थिएटरमधल्या बैठकांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. ऑर्गनची नळी वाजवायची, स्टॉपवॉच धरायचं, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणखी गाद्या मांडायच्या, पुन्हा मोजायचं. उजाडायच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर. खोलीचं आकारमान आणि तिच्यातलं शोषण यांच्यावर घुमारा कसा ठरतो, ते गणित त्यातून निघालं. त्याच गणिताच्या आधाराने उभा राहिलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल १९००मध्ये उघडला.

हे वाचताना मला आपल्या घरगुती बैठका आठवल्या. गाद्या, लोड, तक्के, वर पांढरी चादर आणि मांडीला मांडी लावून बसलेली माणसं. आपण ते सगळं आदबीसाठी आणि सोयीसाठी मांडत आलो. कानाची सोय त्यात आपसूक होत होती.

काकांच्या भिंतीला हात लागायला २०१६ उजाडलं. तोवर इतकं समजलं होतं, की अडीचशे किलोची भिंत पाचशेची करणं फ्लॅटमध्ये शक्य नाही. उपाय एकच: दुसरी हलकी भिंत उभी करायची आणि ती पहिलीला कुठेही टेकू द्यायची नाही. मध्ये हवेची पोकळी राहिली की दोन्ही भिंती मिळून नुसत्या वजनाच्या हिशेबापेक्षा बरंच जास्त अडवतात. जमिनीला आणि स्लॅबला रबराची पट्टी, त्यावर पत्र्याच्या चॅनेलची चौकट, चौकटीत ४८ किलो घनतेचं रॉकवूल, वर साडेबारा मिलिमीटरचे जिप्सम बोर्ड, तेही दोन थर. दोन बोर्डांच्या मध्ये कधीच पूर्ण न सुकणारा एक चिकट लेप. बोर्ड थरथरले की ती थरथर तिथेच जिरते.

विक्रेत्याचा आग्रह वेगळाच होता: जड व्हिनाइलचा रोल. काळा, रबरासारखा, दिसायला भारदस्त, किमतीने त्याहून भारदस्त. मी वजन विचारलं. चौरस मीटरला पाच किलो. जिप्समचा आणखी एक थर आठ-नऊ किलोचा आणि त्या रोलपुढे किरकोळ किमतीचा. व्हिनाइल वाकतं, पाइपभोवती गुंडाळता येतं, तिथे त्याला तोड नाही. सपाट भिंतीवर मात्र वजन तेवढं वजन, मग ते कुठल्याही नावाने विका.

चौकट उभी राहिल्यावर मिस्त्रीने ती हलवून पाहिली आणि विटेची भिंत नि चॅनेल यांच्या फटीत लाकडाचा एक गुटका ठोकला. मी म्हटलं, ‘हा काढा.’ तो म्हणाला, ‘साहेब, टेकू दिला नाही तर भिंत हलणार.’ ‘हलू दे.’ माझ्याकडे ज्या नजरेने त्याने पाहिलं, ती अजून लक्षात आहे. पण त्या एका गुटक्यावरून आवाजाने आरामात भिंत ओलांडली असती. त्याच्या उभ्या हयातीत पक्कं काम म्हणजे घट्ट काम; आणि इथे पैसे देणारा माणूस ढिलं ठेवायला सांगत होता.

भिंत झाली. खोली पाच इंचांनी अरुंद झाली. आणि काकांकडे गाणं पूर्वीसारखंच ऐकू येत होतं! जरा कमी, पण येत होतं. या वेळी काकांनाच बोलावलं. मी रेकॉर्ड लावली आणि ते त्यांच्या बाजूला भिंतीला कान लावून इंच इंच सरकत राहिले. दहा मिनिटांनी फोन आला: ‘तुमचा माणूस आमच्या स्विचबोर्डातून गातोय.’ खरंच होतं. बिल्डरने दोन्ही घरांचे स्विचबोर्ड भिंतीच्या एकाच जागी पाठीला पाठ लावून बसवले होते. मध्ये वीट नव्हतीच, नुसते दोन डबे आणि वायरींची भोकं. वर मिस्त्रीने नव्या भिंतीतही त्याच जागी बोर्ड पुढे आणून ठेवला होता. माझ्याकडचा बोर्ड दुसरीकडे हलवला, खोबण विटेने आणि प्लास्टरने बुजवली. रॉकवूल, लेप, दोन थर हे सगळं त्या वेताएवढ्या भोकामुळे फुकट जात होतं.

मग दाराचा हिशेब केला. तीन फूट रुंद, सात फूट उंच दार आणि खाली अर्ध्या इंचाची फट. ती फट दाराच्या क्षेत्रफळाच्या ०.६ टक्के. ऐकायला काहीच नाही. पण तेवढी उघडी असेल तर दार शिशाचं केलं तरी साधारण २२ डेसिबलच्या वर अडवणार नाही. तेव्हापासून मी साहित्याच्या आधी फटी शोधतो. दार भरीव केलं, चौकटीला रबर आणि खाली उंबरा बसवला. आपल्या जुन्या घरांचा उंबरा आम्ही फ्लॅटमध्ये टाइल सलग दिसावी म्हणून काढून टाकला होता. तो आवाजासाठी परत आणला.

स्पंज उतरवला तो मात्र वेगळ्या कारणाने. अमेरिकेतल्या र्‍होड आयलंडमधल्या वेस्ट वॉर्विक गावी ‘द स्टेशन’ नावाचा नाइटक्लब होता. २० फेब्रुवारी २००३ला तिथे स्टेजवरच्या आतषबाजीच्या ठिणग्या भिंतीवरच्या फोमला लागल्या. फोम भडकला, काळा विषारी धूर झाला आणि १०० माणसं गेली. तो फोम लावला होता शेजाऱ्यांच्या आवाजाच्या तक्रारींमुळेच. हे वाचलं त्या रात्री मी माझ्या भिंतींकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सगळा स्पंज पोत्यात. रॉकवूल दगड वितळवून केलेलं असतं, ते पेट घेत नाही. कुठलाही शोषक घेताना पहिला प्रश्न आगीचा विचारायचा, हे मी फार उशिरा शिकलो.

स्पंज गेला तशी टाळीची थरथर परत आली. भिंतीवर रॉकवूलच्या चौकटी लावायच्या तर वर कापड हवं. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात मी एकेक तागा तोंडाशी धरून फुंकर मारत होतो आणि दुकानदार माझ्याकडे बघत होता. कसोटी तीच आहे: फुंकर आरपार गेली तर आवाजही आत शिरेल. भरजरी, चकचकीत पडदे नापास झाले. साधी, सैल विणीची खादी पास झाली.

डग्गा मात्र ऐकेना. चौदा फुटांच्या लांबीत ४० हर्ट्झची अर्धी लाट आणि साडेदहा-अकरा फुटांच्या रुंदीत पन्नासच्या आसपासची अर्धी लाट नेमकी मावते आणि खोली तिला फुगवते. पन्नास हर्ट्झची लाट सात मीटरच्या आसपास लांब. तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे पावणेदोन मीटर जाडी मिळाली तर शोषक तिला नीट पकडणार. दोन इंची चौकटीची तिथे काय कथा! खोलीचे कोपरे हे अशा लाटांचे अड्डे. आईची जुनी कापसाची गादी पिंजून घ्यायची म्हणून गुंडाळून ठेवली होती. ती कोपऱ्यात तिरपी उभी केली, मागे हात-दीड हात पोकळी ठेवून. घुमारा मोडला नाही, पण वाकला. मग पिंजाऱ्याकडून तशाच जाड गाद्या आणखी करून घेतल्या. तिथे गाणं ऐकणारे मित्र आले की विचारतात, ‘पाहुणे येणारेत का रे?’

मार्च २०२०मध्ये खोलीची परीक्षा उलट बाजूने झाली. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. आमच्या रस्त्याने तो आकडा एरवी कधी पाळला नव्हता; टाळेबंदीत पाळला. आणि त्या शांततेत मला माझीच खोली ऐकू आली: पंख्याची घरघर, ॲम्प्लिफायरची गुणगुण, स्वयंपाकघरातल्या फ्रिजचं दचकून सुरू होणं. वरच्या मजल्यावरची ओढलेली खुर्ची तर आजही ऐकू येते. ती हवेतून नव्हे, स्लॅबमधून येते. तिच्यासाठी जमीन, भिंती, छत सगळंच तरंगतं करून खोलीत खोली बांधावी लागेल. ते मी सोडून दिलं.

२०२२मध्ये शेवटचं काम काढलं. सगळंच शोषलं की गाणं मेल्यासारखं वाटतं. मागच्या भिंतीवर आवाज विखुरला पाहिजे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर याने १९७०च्या दशकात त्यासाठी अंकगणिताची युक्ती काढली. शून्य ते सहा आकड्यांचे वर्ग करा, सातने भागा, बाकी लिहा: ०, १, ४, २, २, ४, १. त्या प्रमाणात खोल खाचा केल्या की आवाज एकाच दिशेने न परतता पसरतो. सुतारमिस्त्रींनी आकडे फळीवर पेन्सिलने लिहिले, बघत राहिले आणि म्हणाले, ‘साहेब, दोन्ही बाजू सारख्या येतायत. मग हे पहिलं शून्य एकटं कशाला?’ बरोबर होतं. पुढच्या ओळीची सुरुवात पुन्हा शून्यानेच होते, तेव्हा जोडी पूर्ण होते. अभियंता असून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

आज दुकानात फेल्टच्या रंगीत पॅनेलवरही ‘साउंडप्रूफ’ लिहिलेलं असतं. तरुण मंडळी विचारायला येतात तेव्हा मी साहित्याचं नाव सांगत नाही. विचारतो: तुम्हाला आवाज अडवायचाय की विरवायचाय? अडवायचा असेल तर वजन किती, आणि फट कुठे? विरवायचा असेल तर जाडी किती, आणि फुंकर जाते का? तेवढं ठरलं की अर्धी यादी आपोआप गळते.

काका हल्ली रविवारी सकाळी येतात. चार मित्र जमले की बसायला जागा पुरत नाही. मग कोपऱ्यातली आईची गादी उतरवून खाली अंथरतो. कोपरा मोकळा झाला की डग्गा जरा जास्त बोलायला लागतो. बाकी कुणाला कळत नाही. मला कळतं, आणि मी उठत नाही.