तिसऱ्याच्या हातांतील किल्ली

गेल्या दिवाळींत आम्ही धुळ्यास एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. जेवणें आटोपल्यावर ओसरीवर वाद रंगला. पुण्यास नोकरीस असलेल्या पुतण्यानें बचतीचा कांहीं भाग क्रिप्टो चलनांत घातल्याचें कळून वडील मंडळी अस्वस्थ झाली होती. "नाना, बँकेंतहि माणसेंच बसतात. येथें माणसावर विश्वास ठेवावाच लागत नाहीं," असें पुतण्याचें म्हणणें. नानांनीं अडकित्ता खालीं ठेवून एवढेंच विचारलें, "व्यवहार फिसकटला तर दाद कोणाकडे मागायची रे?"

हा प्रश्न खानदेशास नवा नाहीं. जळगांवच्या व्यापाऱ्यानें कापसाच्या गांठी आगगाडीनें धाडल्या, तर परगांवचा गिऱ्हाईक पैसे देईल कशावरून? आणि माल हातीं येण्यापूर्वीं त्यानें तरी ते कां द्यावे? यावर तोड अशी, कीं रेल्वेची बिल्टी बँकेच्या हवालीं करावयाची. गिऱ्हाइकानें पैसे भरले कीं बिल्टी सुटे, व ती दाखविल्यावांचून स्टेशनावर माल मिळत नसे. जुन्या पेढ्यांवर जोखमी हुंडी चाले. माल सुखरूप पोंचला तरच तिचे पैसे द्यावयाचे. हल्लीं ज्यास एस्क्रो म्हणतात, त्याचींच हीं रूपें.

२००९ सालीं निघालेल्या बिटकॉइनमध्यें हेंच काम गणितावर सोंपवितां येतें. पेटीस तीन किल्ल्या: एक घेणाराची, एक विकणाराची, एक मध्यस्थाची, कोणत्याहि दोन लागल्यावांचून पेटी उघडत नाहीं. मध्यस्थास एकट्यास पैसे घेऊन पळतां येत नाहीं. युक्ति नामी आहे, हें नानांनींहि कबूल केलें. परंतु माल खरा निघाला कीं खोटा, हें गणितास कोठून कळणार? तंटा पडला कीं निवाडा माणसानेंच करावयाचा. आणि एकदां गेलेलें चलन परत फिरविणारा कोणी नाहीं. १८ जुलै २०२४ रोजीं वझीरएक्स या भारतीय बाजाराच्या तिजोरींतून सुमारें २३ कोटी डॉलरांचें चलन चोरीस गेलें. तिच्या किल्ल्या सहा होत्या, पैकीं चार लागत. पडद्यावर एक दिसलें व सह्या भलत्याच व्यवहारावर झाल्या, असें त्या कंपनीनेंच सांगितलें. सरकार २०२२ पासून या चलनांच्या नफ्यावर ३० टक्के कर घेतें खरें. पण कर घेतला म्हणजे हमी घेतली असें नव्हे!

पुतण्या मात्र हार जाणारा नव्हता. "आणि आपल्या जळगांवच्या रायसोनी पतसंस्थेचें काय झालें?" या प्रश्नावर ओसरी गप्प झाली. गांवोगांवच्या ठेवी त्या संस्थेंत अडकल्या; २०१५ सालीं तिच्या अध्यक्षांस अटक झाली, कारभार अवसायकाकडे गेला, आणि २०२० सालीं त्या अवसायनांतील कारभाराविरुद्धच पुण्यांत गुन्हा नोंदला गेला. तेथें तर किल्ली माणसांच्याच हातीं होती.

आमच्या मतें नानांचा प्रश्न दोघांसहि लागू आहे. १९६० सालीं केरळांतील पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर १९६२ पासून ठेवींस विमा मिळूं लागला. तेव्हां मर्यादा १५०० रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेंतील प्रत्येक ठेवीदारास व्याजासह ५ लाखांपर्यंत हें संरक्षण आहे, आणि तें सहकारी बँकांनाहि लागू आहे. पतसंस्थेच्या ठेवीस मात्र हा विमा नाहीं, क्रिप्टोस तर नाहींच. पाटी, लोखंडी गज व पासबुक दोन्हींकडे सारखेंच. म्हणूनच शिकल्यासवरल्या घरांचीहि फसगत होते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नानांनीं ट्रंकेंतील पावत्यांचें बोचकें पुतण्यापुढें सोडलें. त्यानें एकीकडे बँकेच्या पावत्या लावल्या, दुसरीकडे पतसंस्थांच्या. दुसरी चळत बरीच उंच झाली. वहिनी चहा घेऊन आल्या, तरी कोणी कप उचलला नाहीं.