ब्रेक दोघांनाही आहे

‘पुरुषाचे डोके तापटच असते, बाईनेच सांभाळून घ्यावे.’ आरोग्य शिबिरात एखाद्या बाईच्या हाताला आम्ही पट्टी बांधत असतो, तेव्हा सोबत आलेली सासू हे म्हणते, आई म्हणते, कधी ती बाई स्वतःही म्हणते. म्हणजे रागाला आवर घालणे पुरुषाला जमतच नाही आणि सोशीकपणा बाईला जन्मतःच मिळतो, असे आपण धरून चालतो. हे खरे आहे का?

मनात उसळी येते आणि आपण ती आवरतो. हे आवरण्याचे काम मुख्यतः कपाळामागचा मेंदूचा भाग करतो. तो पुरता तयार व्हायला वयाची पंचविशी येते. आवरण्याची ही ताकद मोजताही येते. एका चाचणीत पडद्यावर बाण दिसला की बटण दाबायचे असते. पण मध्येच आवाज झाला, तर हात रोखायचा. निरोगी तरुण माणसाला हात रोखायला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो.

इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी आवेगावरचे २७७ अभ्यास एकत्र तपासून २०११ साली निष्कर्ष मांडले. थरार शोधणे आणि धोका पत्करणे यांत सरासरीने पुरुष पुढे. शिक्षेची, परिणामांची धास्ती बायकांना जास्त. पण विचारपूर्वक स्वतःला आवरण्यात दोघांत फरक जवळजवळ नाही. रिक्षावाल्या भावांच्या भाषेत सांगायचे, तर एखादी गाडी जरा जोरात पळत असेल, पण ब्रेक दोन्ही गाड्यांना सारखेच आहेत.

याचा पुरावा आपल्या वस्तीतही मिळतो. कामावर मुकादम शिवी देतो, तेव्हा माणूस मान खाली घालून ऐकून घेतो. तोच संध्याकाळी भाजीत मीठ जास्त पडले म्हणून बायकोवर हात उगारतो. ब्रेक नसता तर हात मुकादमावरही उठला असता. दुपारी लागलेला ब्रेक रात्रीही लागू शकतो.

दारू मात्र हा ब्रेक सैल करते, पिणारा पुरुष असो की बाई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात १५ वर्षांवरील सुमारे १९ टक्के पुरुष दारू पितात. बायकांत हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आहे. आपण ज्याला ‘गरम रक्त’ म्हणतो, त्यात बाटलीचा वाटा किती, हे घरोघरी ओळखावे. रात्रपाळीने झोप बुडाली, तरी आवर घालणे जड जाते. पण ‘प्यालो होतो’ ही मारहाणीची सबब होऊ शकत नाही. पेला उचलताना माणूस शुद्धीवरच असतो.

ब्रेक सवयीने पक्का होतो. राग चढला की बोलण्याआधी घराबाहेर पडा, चार फेऱ्या मारा, पाणी प्या. पैशाचा वाद रात्री काढू नका, सकाळी बसून बोला. मुलाने बहिणीला मारले, तर ‘पोरगाच आहे तो’ म्हणून सोडून देऊ नका आणि मुलीला ‘तूच ऐकून घे’ असे शिकवू नका. दोघांना एकच नियम लावा.

राग किंवा व्यसन आवरेनासे झाले, तर टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. घरात मारहाण होत असेल, तर महिला हेल्पलाइन १८१ वर आणि जिवावर बेतले, तर ११२ वर लगेच फोन करा. भगिनींनो, सोसत राहणे हा तुमचा स्वभाव नाही आणि मार खाणे हे तुमचे कामही नाही.