पत

मृग नक्षत्र लागले की भोकरच्या परिसरात पेरणीची लगबग सुरू होते. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे गाव म्हणजे तालुक्याची बाजारपेठ. कापूस, सोयाबीन व तूर यांचे बियाणे आणि खते घेण्यासाठी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी येथे येतात. ज्याच्या गाठीला पैसा नसतो, तो बँकेची पायरी चढतो. समजा, असा एक शेतकरी कर्ज मागावयास गेला आणि अधिकारी त्याला म्हणाले, "तुमचे मागचे पीककर्ज फिटले आहे, परंतु मित्राच्या मोटारसायकलच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिलात, ते थकले आहे. त्यामुळे तुमची पत खालावली आहे." पाऊस कोणासाठी थांबत नाही. मग त्या घराने पेरणी कशी करावी?

मुलांनो, ही 'पत' म्हणजे काय? घेतलेले ऋण ठरल्या वेळी फेडण्याचा जो लौकिक, तीच पत. पूर्वी गावातला दुकानदार माणूस ओळखून उधार देत असे. आज कर्ज मागणारे असंख्य आणि बँकाही अनेक. तेव्हा प्रत्येकाची ओळख कोण ठेवणार? म्हणून ती नोंद ठेवणाऱ्या कंपन्या निघाल्या. आपल्या देशात 'सिबिल' ही अशी पहिली कंपनी २००० साली स्थापन झाली. २००५ साली यासंबंधी कायदा झाला. आज अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली काम करतात. बँका त्यांना कर्जदारांच्या हप्त्यांची माहिती कळवितात आणि तिच्यावरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान पतगुण ठरतात. हे गुण श्रीमंतीचे नव्हेत. शब्द पाळण्याचे आहेत.

पत सुधारावी असे सर्वांनाच वाटते. पण घाईने केलेले उपाय पुष्कळदा अपाय ठरतात. पहिली चूक म्हणजे एका बँकेने नकार देताच दुसरीकडे, तिसरीकडे आणि चौथीकडे अर्ज करीत सुटणे. प्रत्येक अर्जाच्या वेळी बँक आपली नोंद तपासते आणि त्या तपासणीचीही नोंद होते. थोड्या दिवसांत अनेक अर्ज दिसले, तर हा मनुष्य पैशाच्या फार नडीत आहे, असा अर्थ लावला जातो आणि गुण आणखी घटतात.

दुसरी चूक तडजोडीची. थकलेल्या कर्जापैकी काही रक्कम भरून उरलेली सोडून देण्यास बँक कधी कधी तयार होते. कर्जदाराला वाटते, आपण सुटलो. परंतु खात्यापुढे 'कर्ज फिटले' असे न लिहिता 'तडजोड झाली' असे लिहिले जाते आणि ती नोंद पुढे अनेक वर्षे आडवी येते. शक्य असेल तेथे पूर्ण रक्कम फेडून बेबाकी दाखला घ्यावा व तो जपून ठेवावा.

तिसरी चूक भिडेखातर जामीन राहण्याची. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी सामान्यतः कर्जदाराइतकीच असते. सही करताना हात क्षणभर थांबला, तर पुढचा पश्चात्ताप टळतो.

चौथी चूक सर्वांत मोठी. "पैसे द्या, महिन्याभरात तुमची पत वाढवून देतो," असे सांगणारे लोक भेटतात. खरी असलेली थकबाकी कोणालाही पुसता येत नाही. आणि नोंद चुकीची असेल, तर ती दुरुस्त करून घेण्यास पैसे पडत नाहीत. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला अहवाल विनामूल्य मिळतो. तो स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. त्यात चूक आढळल्यास तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे.

हा हक्क लहान समजू नका. एके काळी ऋणकोचे खाते सावकाराच्या वहीत असे आणि पुष्कळ शेतकऱ्यांना ते वाचताही येत नसे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि तो वणवा आसपासच्या गावांत पसरला. पुढे १८७९ साली जो कायदा झाला, त्याने शेतकऱ्याला पावती व हिशेब मागण्याचा अधिकार दिला. ज्या कागदावर आपले भवितव्य लिहिलेले असते, तो आपल्याला वाचता आला पाहिजे, हे तेव्हा कळून चुकले होते.

आपला शेतकरी आता काय करील? तो मित्राला घेऊन बँकेत जाईल, थकलेले हप्ते भरले जातील असे पाहील आणि पुढचा प्रत्येक हप्ता मुदतीत भरला जाईल याची काळजी घेईल. त्याची पत एका दिवसात वाढणार नाही. तुरीला शेंग धरावयास महिने लागतात. पतीलाही वेळ लागतो. मात्र तोवर त्याच्या घरी तुमच्यासारखे एखादे शाळेत जाणारे मूल असेल, तर त्याने वडिलांच्या शेजारी बसावे आणि तो अहवाल त्यांना ओळीने वाचून दाखवावा.