गाडीला बोलावणं येतं तेव्हा

बोलावणं म्हटलं की आपल्याला हळदीकुंकू आठवतं, नाहीतर डोहाळजेवण. पण हल्ली गाड्यांनाही बोलावणं येतं! कंपनीचा मेसेज येतो, ‘तुमच्या गाडीच्या अमुक भागात दोष असू शकतो, जवळच्या सर्व्हिस सेंटरला आणा, मोफत बदलून देऊ.’ याला म्हणतात ‘रिकॉल’. वाचायला किती छान वाटतं! दोष कंपनीचा, ती स्वतःहून कबूल करतेय, वर पैसेही मागत नाही. पण ‘जवळच्या’ आणि ‘मोफत’ या दोन शब्दांपाशी आपल्यासारख्या लहान गावातल्या बायकांचं घोडं पेंड खातं.

आमच्या बचत गटातली एक मैत्रीण जेवणाचे डबे पोचवते. त्यासाठी तिने हप्त्यांवर विजेवरची स्कूटर घेतली. पेट्रोलचा खर्च वाचला म्हणून खूश होती. एक दिवस ऐन साडेबाराला भर चौकात स्कूटर बंद पडली ती पडलीच. नंतर कळलं, कंपनीने महिनाभर आधी रिकॉलचा मेसेज पाठवला होता. तो गेला तिच्या मिस्टरांच्या मोबाईलवर, कारण खरेदीच्या वेळी शोरूमवाल्यांनी नंबर त्यांचा लिहून घेतला होता. जाहिरात असेल म्हणून त्यांनी तो पुसून टाकला.

‘जवळचं’ सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी, 65 किलोमीटरवर. टेम्पोचं भाडं हिनेच भरलं. तिथे उत्तर मिळालं, ‘पार्ट आला की फोन करतो.’ फोन आला 23 दिवसांनी. तोवर डबे रिक्षाने, म्हणजे कमाई रिक्षावाल्याची. मी तिच्याबरोबर चौकशीला गेले होते, तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ‘काकू, मिस्टरांना पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो.’ हप्ते ही भरते, गाडी ही चालवते आणि समजावून सांगायचं मिस्टरांना!

बरं, महागडी चारचाकी घेतली म्हणून सुटका होते असंही नाही. ह्युंदाईच्या ‘आयोनिक 5’ या विजेच्या मोटारीचंच बघा ना. जून 2024 मध्ये भारतातल्या अशा 1,744 गाड्या परत बोलावल्या गेल्या. दोष कशात होता हे समजून घेण्यासारखं आहे. विजेच्या मोटारीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी बॅटरी चाकं फिरवते. दुसरी, छोटीशी 12 व्होल्टची, दारांची कुलपं, दिवे, गाडीतला संगणक सांभाळते आणि मोठ्या बॅटरीला जोडणारी कळही तिच्याच जिवावर चालते. ही धाकटी सतत चार्ज ठेवण्याचं काम ज्या यंत्राकडे असतं, त्यातच बिघाड होत होता. मग धाकटी हळूहळू उतरते, गाडी आधी मंदावते आणि शेवटी थांबते. मोठी बॅटरी भरलेली असली तरी काय उपयोग? कोठीत धान्य आहे, पण किल्लीच हरवली! याच दोषासाठी किआच्या ‘ईव्ही 6’ गाड्याही जुलै 2024 मध्ये बोलावल्या गेल्या आणि फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा.

अमेरिकेतही हेच घडलं. मार्च 2024 मध्ये ह्युंदाईने तिथल्या जवळपास 99 हजार गाड्या बोलावल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये आकडा गेला 1 लाख 45 हजारांवर आणि आधी दुरुस्त करून नेलेल्या गाड्याही त्यात होत्या! त्याआधी शेव्हरोलेच्या ‘बोल्ट’चं प्रकरण तर भयंकरच. बॅटरीला आग लागण्याचा धोका, म्हणून नोव्हेंबर 2020 मध्ये पहिलं बोलावणं. दुरुस्ती झालेल्या गाड्यांनीही पेट घेतला, म्हणून जुलै 2021 मध्ये दुसरं. ऑगस्टमध्ये तर झाडून सगळ्या बोल्ट गाड्या बोलावल्या. तोवर मालकांना सांगितलं गेलं की गाडी घराबाहेर उभी करा आणि पूर्ण चार्ज करू नका. एवढे पैसे मोजून घेतलेली गाडी आणि तिलाच अंगणात झोपवायचं!

आपल्याकडे 2022 च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या, त्या आठवत असतील. त्या एप्रिलमध्ये ओकिनावाने 3,215, प्युअर ईव्हीने 2,000 आणि ओलाने 1,441 स्कूटर परत बोलावल्या. पुढे सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. म्हणून विजेची गाडी घेऊच नये असं मी अजिबात म्हणणार नाही. रिकॉल पेट्रोलच्या गाड्यांचेही होतात. मारुतीने सप्टेंबर 2021 मध्ये 1 लाख 81 हजारांहून जास्त पेट्रोल गाड्या बोलावल्या होत्या. फरक इतकाच, की पेट्रोलची स्कूटर कोपऱ्यावरचा मेकॅनिक खोलून तरी बघतो. विजेच्या गाडीला तो हात लावत नाही, आणि लावूही नये.

आपल्या हातात काय आहे? पहिलं म्हणजे गाडीच्या कागदावर आपला स्वतःचा मोबाईल नंबर घालून घ्या. यात लाजायचं काय? गाडी जुनी घेतली असेल तर मेसेज पहिल्या मालकाला जाण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा चासी नंबर सांगून रिकॉल बाकी आहे का, हे आपणच कंपनीला विचारायचं. सर्व्हिस सेंटरला गाडी ठेवताना जॉबकार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, ‘जनरल चेकअप’ असं मोघम नको. तारीख, किलोमीटर आणि शिक्का हवाच. फोनवरचं ‘दोन दिवसांत होईल मॅडम’ नंतर कोणी मानत नाही.

लेखी तक्रारीला आणखी एक कारण आहे. 1 एप्रिल 2021 पासून रिकॉलचे सरकारी नियम लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या एखाद्या गाडीबद्दल ठरावीक प्रमाणात तक्रारी जमल्या, तर सरकार कंपनीला त्या गाड्या बोलवायला लावू शकतं. दंड एक कोटी रुपयांपर्यंत आहे. म्हणजे आपण ‘जाऊ दे’ म्हटलं की एक तक्रार कमी झाली!

ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915. तिथे तक्रार करून काय होणार, असं वाटतं ना? सप्टेंबर 2023 ते ऑगस्ट 2024 या वर्षभरात एकट्या ओलाविरुद्ध तिथे 10,644 तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यात 3,389 सर्व्हिसला उशीर झाल्याच्या. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस काढली. 99 टक्क्यांहून जास्त तक्रारी मिटवल्या, असं कंपनीचं म्हणणं.

तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी बेंगळुरूची असो की दिल्लीची. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही, वकील लावायलाच हवा असंही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

आमच्या मैत्रिणीने टेम्पोची पावती जपून ठेवली होती. रिक्षाचा रोजचा खर्च गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलेला होता. त्या पानाची झेरॉक्स, जॉबकार्ड आणि पावती जोडून कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र गेलंय. सही तिची आणि नंबरही तिचाच.