‘एक दिवस अ‍ॅडमिट दाखवा ना’

सकाळी साडेनऊ
भोसरीतला माझा दवाखाना. बाकावर शुगर-बीपीवाले, तापाची पोरं, रात्रपाळी उरकून थेट आलेले. मन बिघडलंय असं सांगत इथे सहसा कुणी येत नाही. पित्त, मुंग्या, चक्कर, डोकं जड, हीच नावं घेऊन ते येतं.

अकरा
मशीन ऑपरेटर, पस्तिशीचा. छातीत धडधडतं म्हणून पुन्हा ईसीजी काढला, तोही स्वच्छ. थायरॉइड नॉर्मल. मग नैराश्य तपासायचा नऊ प्रश्नांचा कागद पुढे घेतला. गेल्या दोन आठवड्यांचं विचारायचं, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. पहिल्याच प्रश्नाला, कशात रस वाटतो का, तो हेल्मेटचा पट्टा ओढत गप्प बसला. बेरीज १७ झाली. शेवटचा प्रश्न जीव नकोसा होण्याचा. त्याला ‘नाही’ आलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

गोळी सुरू केली. गुण यायला दोन-चार आठवडे लागतील, मधेच बंद करायची नाही, मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवायचं, हे सगळं सांगून झालं. त्याने विचारलं, “मेडिक्लेममध्ये बसेल ना?”

गेल्या वर्षापर्यंत तो ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत होता. तिथे तपासणी, औषधं, पुढची चिठ्ठी, कशालाच खिशात हात घालावा लागत नव्हता. बढती मिळाली, पगार २१,००० च्या वर गेला आणि ईएसआय सुटलं. कंपनीने ग्रुप मेडिक्लेमचं कार्ड दिलं, पण त्यात ओपीडी नाही. बढतीने त्याचा दवाखाना काढून घेतला.

कायदा त्याच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, कलम २१(४): शरीराच्या आजाराला ज्या आधारावर विमा, त्याच आधारावर मनाच्या. २०१८ च्या मे महिन्यात तो लागू झाला, ऑगस्टमध्ये विमा नियामकाने कंपन्यांना कळवलं आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं. मेख इथेच आहे. साधा मेडिक्लेम शरीरासाठीसुद्धा सहसा जागा होतो तो २४ तास दाखल झाल्यावर. नैराश्याचे बहुतेक पेशंट कधी दाखल होतच नाहीत. ते गोळी, बोलणं आणि फेऱ्या यांवर बरे होतात. म्हणजे नियम पाळला जातो आणि बिल पेशंटच भरतो.

“मग एक दिवस अ‍ॅडमिट दाखवा ना, मॅडम.”

“नाही दादा. खोटा क्लेम होईल तो. उद्या खरंच ऑपरेशन निघालं तर याच फाइलवरून अडवतील तुम्हाला.”

१४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चिठ्ठीच्या मागे लिहून दिला. फुकट आहे, मराठीत बोलतात.

दीड
डबा, तोही अर्धाच.

सहा
एक ताई नव्या पॉलिसीचा फॉर्म घेऊन आल्या. घबराटीवर गोळ्या चालू आहेत, आणि एजंट म्हणतो, लिहू नका. मी म्हटलं, लिहाच. आधीच्या आजारासाठी फार तर ३६ महिने थांबावं लागेल. लपवलंत आणि सापडलं, तर नेमका गरजेचा क्लेम जाईल. त्यांना हप्ता वाढण्यापेक्षा ‘सासरी कळेल का’ याची धास्ती जास्त होती. फॉर्म मग इथेच बसून भरला.

साडेआठ
ऑपरेटरचा फोन. कंपनीच्या मेडिक्लेमचं नूतनीकरण एप्रिलमध्ये आहे म्हणे. जादा प्रीमियम भरून ओपीडी जोडून घेता येते, एचआरने विमा कंपनीकडे मागायला हवी. पत्र मी देते म्हटलं. त्याचं नाव यायला नको, म्हणून सुरुवात केली: ‘आपल्या कामगारांपैकी काही जण माझ्याकडे उपचार घेतात...’