क्रोमचा हौद

मोटारसायकलच्या शॉक ॲब्सॉर्बरचा चकचकीत दांडा, माती उपसणाऱ्या जेसीबीच्या हायड्रॉलिक सिलिंडरमधून आतबाहेर होणारा रॉड, वेष्टनांवर रंगीत छपाई करणारा ग्राव्ह्यूरचा रूळ, या साऱ्यांच्या अंगावरचा कठीण आणि गंजाला दाद न देणारा थर ज्या हौदात चढतो, तो हौद पाहावयाचा तर भोसरी, सातपूर किंवा वाळूज येथील एखाद्या जॉबवर्क करणाऱ्या प्लेटिंगच्या कारखान्यात जावे लागते. शिशाचे अथवा पीव्हीसीचे अस्तर लावलेला हा हौद गडद तांबूस द्रवाने भरलेला असतो. साधारणतः दर लिटर द्रवात 250 ग्रॅम क्रोमियम ट्रायऑक्साइड, म्हणजे कामगारांच्या बोलीतले ‘क्रोमिक’, आणि त्याच्या शंभराव्या हिश्शाइतके गंधकाम्ल असे त्याचे प्रमाण असते. तापमान 50 ते 60 अंश सेल्सियस राखावे लागते. दोन्ही बाजूंना शिशाच्या मिश्रधातूचे धनाग्र टांगलेले, मध्ये जिगवर, म्हणजे टांगणीच्या चौकटीवर, बांधलेला जॉब, म्हणजे थर चढवावयाची वस्तू, आणि बाजूला अखंड वीज पुरवणारा रेक्टिफायर, एवढाच त्याचा सरंजाम.

या हौदाचा एक मूळचा दोष आहे, आणि त्याच्या सुरक्षिततेचा सारा विचार त्या दोषापासून सुरू झाला पाहिजे, असे मला वाटते. त्यात सोडलेल्या शंभर भाग विजेपैकी जेमतेम 10 ते 20 भाग धातू बसवण्याच्या कामी येतात. उरलेली वीज पाण्याचे विघटन करून हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे बुडबुडे उठवते, आणि हे असंख्य बुडबुडे पृष्ठभागावर फुटताना आम्लाचे अतिसूक्ष्म तुषार हवेत उधळतात. त्या तुषारांतील क्रोमियम षट्संयुजी, म्हणजे विषारी, अवस्थेत असते. जॉबवर बसलेला धातुरूप थर निरुपद्रवी असतो. कामगाराच्या श्वासात जाते ते मात्र हेच उडालेले द्रव्य.

शरीरात त्याचा प्रवेश होतो तो एका साम्यामुळे. क्रोमेटच्या कणाची घडण शरीराला नित्य लागणाऱ्या सल्फेटसारखी असते, सबब सल्फेटसाठी असलेल्या वाटांनी पेशी त्याला आत घेते. आत गेल्यावर त्याचे क्षपण होऊन ते त्रिसंयुजी होते, आणि या स्थित्यंतरात पेशीच्या गाभ्यातील डीएनएची हानी होते. बाहेरचे त्रिसंयुजी क्रोमियम या वाटांनी सहजी शिरू शकत नाही, म्हणूनच एकाच धातूच्या या दोन अवस्थांत एवढे अंतर पडते. ग्लासगोचे वैद्य विल्यम क्युमिन यांनी बायक्रोमेट हाताळणाऱ्या रंगाऱ्यांच्या हातांवरील खोल व्रणांचे वर्णन 1827 सालीच करून ठेवले होते; 1948 साली अमेरिकेतील क्रोमेट कारखान्यांच्या कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण असाधारण असल्याचे प्रसिद्ध झाले; आणि 1990 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने षट्संयुजी क्रोमियमची सर्व संयुगे मनुष्यास कर्करोगकारक म्हणून पहिल्या वर्गात घातली.

परंतु कर्करोगाहूनही आधी दिसणारी, आणि म्हणून बचावाला अधिक उपयोगी पडणारी लक्षणे हातावर आणि नाकात असतात. बोटांच्या सांध्यांवर, नखांच्या कडेला, मनगटावर पडणारे क्रोमचे व्रण खोल असूनही बहुधा फारसे दुखत नाहीत. नाकाच्या पडद्याला पडणारे भोक तर इतके मुकाट्याने पडते की पुष्कळदा तपासणीच्या वेळीच त्याचा पत्ता लागतो. जे दुखत नाही त्याची तक्रार कोणी करीत नाही. ‘माझ्या माणसांची काही तक्रार नाही’ हा मालकाचा दाखला म्हणूनच या हौदापाशी मुळीच ग्राह्य धरता येत नाही. तेथे कोणीतरी नेमलेल्या माणसाने शिरस्त्याने हात पाहिले पाहिजेत, डॉक्टरने नाक पाहिले पाहिजे, आणि दोहोंची नोंद दप्तरी राहिली पाहिजे. 1948 च्या कारखाना कायद्याने क्रोमच्या व्रणाला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत स्थान दिले, ते उगीच नव्हे.

हवेतील मर्यादेबाबत देशोदेशींची मते वेगळी आहेत. आपल्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीत क्रोमिक आम्ल व क्रोमेटसाठी दर घनमीटर हवेत 0.05 मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली गेली. अमेरिकेने 2006 साली ती याच्या दशांशावर, म्हणजे 5 मायक्रोग्रॅमवर आणली, आणि तेथील संशोधन संस्थेची शिफारस तर 0.2 मायक्रोग्रॅमची आहे. माझ्या मते, आपल्या आकड्याच्या आत राहिल्याने कामगार निर्धास्त झाला असे समजण्यास आधार नाही.

हवेतील ही पातळी खाली राखण्याचे मुख्य साधन म्हणजे हौदाच्या काठाला लावलेली शोषण-फट. द्रवाच्या पृष्ठभागालगत, कामगाराच्या तोंडापर्यंत पोहोचण्यापूर्वीच, तुषार ओढून ते धुराड्याच्या वाटेवरील स्क्रबरमध्ये धुवून काढावयाचे. अरुंद हौदाला काठावरच्या फटी पुरतात; रुंद हौदात एका काठाने हवा ढकलून दुसऱ्या काठाने ओढून घ्यावी लागते, कारण ओढीचा जोर फटीपासून थोड्याच अंतरावर ओसरतो. डोक्यावर उंच टांगलेला पंखा येथे कुचकामी, किंबहुना घातक, कारण तो वाफेसकट तुषार वाकून काम करणाऱ्याच्या चेहऱ्यावरून नेतो. पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये आणि पृष्ठभागावर तरंगणारे प्लॅस्टिकचे गोळे यांनी तुषार मुळातच कमी होतात. मास्कचा क्रम या सर्वांनंतर येतो. फट बुजलेली ठेवून मास्क वाटणे ही बंदोबस्ताची नुसती बतावणी होय.

बाकीची शिस्त साधी पण निष्ठुर आहे. सुकलेले क्रोमिक केरसुणीने झाडू नये, ओले करून पुसावे. सांडलेल्या द्रवावर लाकडाचा भुसा टाकू नये. क्रोमिक हे इतके तीव्र ऑक्सिडीकारक आहे की भुसा, चिंध्या किंवा स्पिरिट त्याच्या संपर्काने पेट घेऊ शकतात. हातमोजे लांब बाह्यांचे असावेत आणि रोज भोके पडली आहेत का ते तपासावे. चहा त्या खोलीत पिऊ नये. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत, कारण ते घरी धुणाऱ्या स्त्रीच्याही हाताला हे विष लागते.

जॉब धुतलेले पाणी हाही याच कारभाराचा भाग आहे. ते आम्लधर्मी करून सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचे क्षपण करतात तेव्हा पिवळा-नारिंगी रंग हिरवा होतो. मग चुन्याने हायड्रॉक्साइडचा साका बसवून तो घातक कचरा म्हणून रांजणगाव किंवा तळोजे येथील केंद्राकडे पाठवावा लागतो. बाहेर सोडावयाच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियम लिटरला 0.1 मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही.

हौदच बदलण्याचाही प्रयत्न चालू आहे. युरोपीय संघात 21 सप्टेंबर 2017 नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइड खास परवानगीवाचून वापरता येत नाही. नळ व शोभेच्या वस्तूंसाठी त्रिसंयुजी हौद रूढ झाले आहेत, आणि विमानांच्या चाकांच्या दांड्यांवर टंगस्टन कार्बाइडचा फवारलेला थर येऊ लागला आहे. कठीण क्रोमच्या जागी दुसरा थर आणणे मात्र लहान कारखान्याच्या ऐपतीबाहेरचे आहे. आणि जेथे त्रिसंयुजी हौद बसवला आहे, तेथेही धनाग्र चुकीचा निवडल्यास त्याच्यापाशी ऑक्सिडीकरण होऊन षट्संयुजी क्रोमियम पुन्हा तयार होते; त्यासाठी शिशाच्या पट्ट्या काढून खास धनाग्र लावावे लागतात, आणि द्रवाची वेळोवेळी चाचणी तेथेही चुकत नाही.