श्रीराम सिंग आणि आठशे मीटरची शर्यत

शंभर मीटरच्या शर्यतीत विचाराला अवकाशच नसतो; मॅरेथॉनमध्ये तो हवा त्याहून अधिक असतो. आठशे मीटरची शर्यत या दोहोंच्या मधली. धावमार्गाला दोन फेऱ्या घालावयाच्या, पण वेग जवळजवळ अल्प पल्ल्याच्या धावपटूचा ठेवावयाचा. श्वासाने मिळणारा प्राणवायू पुरा पडत नाही, स्नायू उसनवारीवर चालतात, आणि ते ऋण शेवटच्या वळणावर सव्याज वसूल होते. पहिल्या फेरीत किती खर्चावे, हाच या शर्यतीतील खरा प्रश्न.

भारतीय धावपटूंत या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर दिले ते श्रीराम सिंग यांनी. राजस्थानातील हा तरुण राजपुताना रायफल्समध्ये दाखल झाला तो पाच हजार मीटरची हौस बाळगून. प्रशिक्षक इलियास बाबर यांनी त्याच्या पायांतील वेग ओळखला आणि त्याला चारशे व आठशे मीटरकडे वळविले. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत रौप्यपदक आले. १९७४ मध्ये तेहरान येथे १ मिनिट ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळाले, आणि १९७८ मध्ये ते पुन्हा बँकॉकला राखले गेले. एखाद्या धावपटूच्या कारकीर्दीस एवढे पुरे झाले असते. परंतु श्रीराम सिंग यांचे नाव निघते ते ज्या शर्यतीत पदक हुकले तिच्यासाठी.

१९७६, माँट्रियल. आफ्रिकी राष्ट्रांनी बहिष्कार घातल्यामुळे केनियाचे धावपटू नव्हते. तरीही अंतिम फेरीत क्यूबाचा आल्बेर्तो हुआंतोरेना, बेल्जियमचा इवो व्हान दाम आणि अमेरिकेचा रिक वोलहटर होते. अशा मेळ्यात नवख्याने मागे राहून संधीची वाट पाहावी, हा व्यवहार. श्रीराम सिंग यांनी तो मानला नाही. ते आघाडीवर गेले आणि पहिली फेरी ५०.८५ सेकंदांत संपली. दुसऱ्या फेरीत उंचापुरा हुआंतोरेना लांब ढांगा टाकीत पुढे निघून गेला, आणि त्याच्यापाठोपाठ इतरही गेले. त्याने १ मिनिट ४३.५० सेकंदांचा विश्वविक्रम केला, व त्याच स्पर्धेत चारशे मीटरही जिंकले. आपल्या विक्रमाचे श्रेय त्याने श्रीराम सिंग यांच्या वेगालाही दिले.

श्रीराम सिंग सातवे आले. वेळ १ मिनिट ४५.७७ सेकंद; म्हणजे दुसऱ्या फेरीस सुमारे पंचावन्न सेकंद लागले. विजेत्याशी अंतर सव्वादोन सेकंदांचे, जमिनीवर मोजल्यास सतरा-अठरा मीटरचे.

त्यांनी दुसऱ्यासाठी वाट मोकळी केली, असा आक्षेप घेणारे घेतात. तो निम्माच खरा आहे. बेताने धावून एखादा क्रमांक कदाचित वर सरकला असता. पण ज्या वेगाची त्यांना पूर्वी सवय नव्हती, त्या वेगाने धावल्यावाचून १ मिनिट ४५.७७ ही वेळ लागली नसती. हा आशियाई विक्रम १९९० च्या दशकापर्यंत टिकला. मिल्खा सिंग यांच्या रोममधील शर्यतीची आठवण घरोघर निघते. या शर्यतीची क्वचितच, आणि हे काही न्यायाचे नाही.

इलियास बाबर यांचेच दुसरे शिष्य चार्ल्स बोरोमिओ यांनी १९८२ मध्ये दिल्लीस आशियाई सुवर्णपदक पटकावले, परंतु राष्ट्रीय विक्रमाला त्यांच्याही हातून धक्का लागला नाही. तो मोडण्यास २०१८ साल उजाडावे लागले. गुवाहाटी येथे केरळचे जिन्सन जॉन्सन, तेही सैनिकच, १ मिनिट ४५.६५ सेकंदांत धावले. बेचाळीस वर्षांत फरक पडला तो बारा शतांश सेकंदांचा.